प्रिंटमध्ये कडेची माणसं कापली जातात? आधी कागदाचं माप ठरवा

मोबाईलच्या स्क्रीनवर फोटो पूर्ण दिसतो. लॅबमधून प्रिंट हातात पडली की मग लक्षात येतं, कडेला उभ्या असलेल्या आत्याचा अर्धा खांदा गेलाय, मागच्या रांगेतल्या मामांच्या फेट्याचा तुरा उडालाय, पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे नाहीत. लग्नसराईच्या दिवसांत आमच्या बेळगाव भागातल्या स्टुडिओत ही तक्रार रोजची. खानापूरहून येतात, निपाणीहून येतात, उचगाव-येळ्ळूरची मंडळी तर दुचाकीवर मागे फ्रेम धरूनच येतात. 'फोटो कापलाच कसा ओ? मोबाईलवर बघा की, सगळं आहे!' म्हणून मोबाईल पुढे करतात. मोबाईलवर सगळं असतंच. मशीन बिघडलेलं नसतं आणि लॅबमधल्या मुलानं मुद्दाम काही कापलेलं नसतं. फोटोचा आकार एक आणि कागदाचा आकार दुसरा, एवढंच घडलेलं असतं. पण हे 'एवढंच' फोटो काढण्याआधी कुणी सांगत नाही, म्हणून दर हंगामात तेच होतं. ते टाळायचं कसं आणि झालं असेल तर निस्तरायचं कसं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी लक्षण ओळखा

लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नसेल तर मशीनपुढे तीनच वाटा असतात. एक, कागद पूर्ण भरायचा आणि जास्तीचा फोटो कापायचा. दोन, फोटो पूर्ण ठेवायचा आणि उरलेला कागद पांढरा सोडायचा. तीन, फोटो ताणून कागदाएवढा करायचा. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याला 'फिल' आणि दुसऱ्याला 'फिट' म्हणतात. काही सांगितलं नाही तर बहुतेक ठिकाणी 'फिल' चालू असतं, कारण पांढरी पट्टी आलेली प्रिंट गिऱ्हाईक परत करतं.

तुमच्या प्रिंटमध्ये माणसं कापली असतील तर पहिली वाट घेतली गेली. दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या असतील तर दुसरी. आणि सगळ्यांचे चेहरे जरा रुंद, अंगानं सुटल्यासारखे दिसत असतील तर फोटो ताणलाय. मोबाईलचा ४:३ चा (म्हणजे लांबी चार भाग, रुंदी तीन भाग) आडवा फोटो ४×६ इंचांच्या कागदावर ताणून बसवला तर माणूस साडेबारा टक्के रुंद होतो. नवरीच्या आईला ते लगेच कळतं. तिसरी वाट कधीच मान्य करू नका, अशी प्रिंट परत करून नवी मागायचा तुम्हाला हक्क आहे. पहिल्या दोन मात्र तुम्ही आधी सांगितलं नाही म्हणून झालेल्या असतात.

थोडंसंच कापलं गेलं असेल, म्हणजे चारी बाजूंनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, तर ती वेगळी गोष्ट. कडेपर्यंत भरलेली प्रिंट काढताना मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा छापतं, नाहीतर कागद जरा सरकला तरी एका कडेला पांढरी रेघ उमटेल. त्यावर फ्रेमची कड बसते, ती प्रत्येक बाजूनं साधारण पाव इंच झाकते. म्हणून प्रमाण अगदी तंतोतंत जुळलं तरी कुणाचंही डोकं किंवा पाऊल फोटोच्या कडेला टेकलेलं नको.

कुठल्या कॅमेऱ्याचा आकार कोणता

कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांचे लग्नात दिसणारे जवळपास सगळे डीएसएलआर आणि मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारे कॅमेरे, ३:२ चे. हे प्रमाण फिल्मच्या काळातून आलंय. जर्मन तंत्रज्ञ ऑस्कर बर्नाक यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट दुप्पट करून २४×३६ मिलिमीटरची केली, तो लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि पुढे सगळ्यांनी तेच माप धरलं. रोल धुऊन ४×६ च्या प्रिंट काढायचो तेव्हा काही कापलं जात नव्हतं याचं कारण हेच, सहा भागिले चार म्हणजेही दीडच.

मोबाईलचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, बहुधा ४:३ चा. ऑलिंपसचे आणि पॅनासॉनिकच्या जी मालिकेचे मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरे ४:३ चे, जुने खिशातले डिजिटल कॅमेरे बहुतेक तसेच, लग्नात उडवतात ते छोटे ड्रोनही बरेचसे तसेच. व्हिडिओ १६:९ चा. आणि मोबाईलमधला 'फुल' नावाचा पर्याय तुमच्या स्क्रीनच्या आकाराचा, हल्ली बऱ्याच मोबाईलमध्ये २०:९ च्या आसपास.

आता कागद बघा. ४×६, ८×१२, १२×१८, १६×२४, २०×३० ही सगळी ३:२ ची भावंडं. ६×८, ९×१२, १२×१६, १८×२४ ही ४:३ ची. आणि गोंधळ करणारी तिसरी मंडळी म्हणजे ५×७, ८×१०, १०×१२, १२×१५, १६×२०, २०×२४. ही मापं कुठल्याच कॅमेऱ्याशी जुळत नाहीत. यातली बरीचशी जुन्या प्लेटच्या आणि सुट्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या काळची, तेव्हा ८×१० ची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढीच प्रिंट काढत. ते कॅमेरे गेले, पण फ्रेमा त्याच मापाच्या राहिल्या. बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात तयार फ्रेम मागा, ८×१०, १०×१२ आणि १२×१५ लगेच काढून देतील. घरोघरच्या भिंतींवर आजोबा-पणजोबांच्या फोटोंना हीच मापं आहेत, म्हणून नव्या फोटोलाही जोडीची तीच फ्रेम हवी असते. माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे. आपण फ्रेम आधी घेतो, फोटो नंतर काढतो, आणि दोघांची गाठ लॅबमध्ये पडते.

किती कापलं जातं, आकड्यांत

अंदाज येण्यासाठी ठळक आकडे देतो. ३:२ चा फोटो ८×१० वर घ्यायचा तर आठ इंच रुंदीला बारा इंच लांबी लागते, कागद दहाचा. म्हणजे दोन इंच गेले, फोटोचा सहावा हिस्सा. तोच १०×१२ वर घेतला तर पाचवा हिस्सा जातो. ५×७ वर मात्र जेमतेम पंधरावा, ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

मोबाईलचा ४:३ चा फोटो ४×६ वर घेतला तर नववा हिस्सा जातो. तोही उंचीतून, म्हणजे आडव्या फोटोत वरची डोकी आणि खालचे पाय. ८×१० वर सोळावा हिस्सा, ५×७ वर त्याहूनही कमी. १६:९ चा फोटो ८×१० वर घेतला तर जवळपास तीस टक्के उडतो. व्हिडिओतून थांबवून काढलेल्या फोटोंचंही तेच होतं, म्हणून त्यांच्या मोठ्या फ्रेमा करू नयेत असं मी सरळ सांगतो.

एक गोष्ट लोकांना पटवून द्यावी लागते. मोबाईलसाठी ८×१० हे ४×६ पेक्षा जवळचं माप आहे आणि कॅमेऱ्यासाठी बरोबर उलट. त्यामुळे एकाच लग्नातले फोटोग्राफरचे आणि भाच्याच्या मोबाईलमधले फोटो एकाच मापात काढायला दिले की त्यातल्या एका गठ्ठ्याचं नुकसान ठरलेलं.

टोपी ठेवू की बूट

आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक गावात कुणाचा तरी मुलगा फौजेत असतो. बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, आणि मुलगा ट्रेनिंग पुरं करून वर्दीत घरी आला की त्याचा उभा फोटो भिंतीवर लागतो, बहुधा आजोबांच्या फोटोच्या शेजारी. फोटोग्राफर कॅमेरा उभा धरतो, टोपीपासून बुटापर्यंत मुलगा चौकटीत नीट भरतो आणि क्लिक करतो. फोटो उत्तम असतो. वडील १२×१५ ची फ्रेम घेऊन येतात, कारण आजोबांची तेवढी आहे.

आता हिशोब करा. ३:२ च्या उभ्या फोटोला १२ इंच रुंदीवर १८ इंच उंची हवी. फ्रेम १५ ची. तीन इंच कुठून तरी जाणार. वरून घेतले तर टोपी, खालून घेतले तर बूट, दोन्हीकडून दीड-दीड इंच घेतले तर दोन्ही अर्धे. आखूड घोंगड्यासारखं, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. चकाकणाऱ्या बुटांसाठी त्या पोरानं रात्री जागून पॉलिश केलेलं असतं, आणि वडिलांना ते बूट दिसायलाच हवे असतात.

यातून सुटायच्या तीन वाटा आहेत. फ्रेम बदलून १२×१८ ची घ्या, सगळा फोटो जसाच्या तसा बसतो. किंवा फ्रेम तीच ठेवा, प्रिंट ८×१२ ची काढा आणि भोवती माउंट बोर्ड, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, लावा, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच आणि वर-खाली दीड-दीड इंच माउंट येतो. हे दिसायला भरलेल्या प्रिंटपेक्षा देखणं असतं, हे मी दुकानदार म्हणून नाही, फोटो बघणारा माणूस म्हणून सांगतो. गडद हिरव्या वर्दीला फिकट मोतिया रंगाचा माउंट फार खुलतो. तिसरी वाट फोटो काढतानाच घ्यायची असते, ती पुढे लिहितो.

माउंटची ही युक्ती इतर मापांनाही लागू पडते. मोबाईलच्या ४:३ च्या फोटोची ६×८ ची प्रिंट काढून ८×१० च्या फ्रेममध्ये बसवा, चारी बाजूंनी बरोबर एक इंच माउंट. ९×१२ ची प्रिंट १२×१५ मध्ये, चारी बाजूंनी दीड इंच. १२×१६ ची प्रिंट १६×२० मध्ये, चारी बाजूंनी दोन इंच. कॅमेऱ्याच्या फोटोची १२×१८ ची प्रिंट १६×२० मध्ये बसवली तर लांबीच्या टोकांना एक-एक आणि दुसऱ्या दोन बाजूंना दोन-दोन इंच. फ्रेमवाल्याला फक्त 'माउंट लावून द्या' म्हणू नका, प्रिंटचं माप सांगा. खिडकी प्रिंटपेक्षा जराशी लहान कापावी लागते, नाहीतर प्रिंट माउंटच्या भोकातून आत पडते.

फोटो काढताना काय करायचं

माझं ठाम मत आहे की कॅमेऱ्याचं प्रमाण बदलू नये. ३:२ चा असेल तर ३:२ वरच ठेवा, मोबाईल ४:३ वरच ठेवा. मेनूत ४:३, १:१, १६:९ असे पर्याय दिसतात आणि वाटतं की प्रिंटच्या मापाचं निवडलं की काम झालं. पण त्यातून नवीन काही मिळत नाही, सेन्सरवर आलेलं चित्रच कॅमेरा तिथल्या तिथे कापून ठेवतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६०००×४००० चा फोटो येतो, तो ४:३ वर ठेवला की लांबी साधारण ५३३० उरते. बाकीचं गेलं ते गेलं. कॅनन आणि सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत रॉ फाईलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाईलमध्ये, पूर्ण चित्र राहतं, जेपेग या नेहमीच्या तयार फाईलमध्ये नाही. आणि आपल्याकडे लग्नातलं निम्मं काम जेपेगवरच चालतं.

त्यापेक्षा चौकट पूर्ण ठेवा आणि जागा सोडा. किती सोडायची याचा सोपा हिशोब आहे. ३:२ च्या फोटोची ८×१०, १२×१५ किंवा १६×२० ची प्रिंट होणार असेल तर लांबीच्या दोन्ही टोकांना बारावा-बारावा हिस्सा रिकामा सोडा. ६००० पिक्सेलपैकी दोन्हीकडचे पाचशे-पाचशे. १०×१२ किंवा २०×२४ होणार असेल तर दहावा-दहावा. मोबाईलच्या फोटोची ४×६ होणार असेल तर रुंदीच्या दिशेनं, म्हणजे आडव्या फोटोत वर-खाली, अठरावा-अठरावा हिस्सा.

बारावा हिस्सा डोळ्यानं कळत नाही हे खरं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर खुणा करून घ्या. तीन इंची, ३:२ च्या स्क्रीनची लांबी साधारण ६३ मिलिमीटर असते, तिचा बारावा हिस्सा म्हणजे पाच मिलिमीटर आणि थोडं. पाच मिलिमीटर रुंदीच्या कागदी चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या स्क्रीनच्या डाव्या-उजव्या कडेला लावायच्या. पट्टी कागदीच घ्या, पारदर्शक प्लास्टिकची नको, तिचा डिंक स्क्रीनवर राहतो. ग्रुप फोटो घ्यायच्या वेळी लाइव्ह व्ह्यू चालू करा, म्हणजे समोरचं चित्र मागच्या स्क्रीनवर दिसेल, आणि सगळी माणसं त्या दोन पट्ट्यांच्या आत आहेत का एवढं बघा. मंगल कार्यालयात 'अजून दोघं येऊ देत, काकांना बोलवा' असा गोंधळ चालू असताना डोक्यात भागाकार होत नाही, पट्टी मात्र समोर दिसते. कॅननच्या काही वरच्या कॅमेऱ्यांत अशा रेषा मेनूतूनच उमटवता येतात, आणि निकॉनच्या काही फुल फ्रेम (२४×३६ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यांत ५:४ चा पर्याय मिळतो. त्यातली रेषांची सोय चांगली, कारण ती फक्त दाखवते, फोटो पूर्णच राहतो.

ग्रुप फोटोत माणसांची मांडणीही बदलावी लागते. स्टेजवर वीस-पंचवीस जणांची एकच लांब ओळ केली की ती कुठल्याच कागदाला मानवत नाही. ८×१० मध्ये टोकाची माणसं जातात आणि १२×१८ मध्ये वर पंखे आणि झालर, खाली गालिचा. त्यांच्या तीन रांगा करा, मुलं खाली, बायका खुर्च्यांवर, पुरुष मागे. चेहरेही मोठे येतात. शाळांच्या ग्रुप फोटोत ही रीत अजून टिकून आहे, दहावीचा वर्ग बाकांवर तीन-चार पायऱ्यांत उभा करतात, म्हणून तो फोटो ८×१२ वर नीट बसतो. लग्नातही तेच करायला काय हरकत आहे? आणि कडेला आजी-आजोबांना कधीच उभं करू नका. प्रिंट कापली गेलीच तर आधी कडेचं माणूस जातं, आणि तोच त्यांचा शेवटचा एकत्र फोटो असू शकतो.

मोबाईलचा 'फुल' पर्याय बंद करा

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो दरवर्षी प्रिंटला येतात, मंडळांच्या कार्यालयात लावायला, कार्यकर्त्यांना भेट द्यायला. रात्रीची वेळ, गर्दीतून हात वर करून काढलेले, आणि त्यातले बरेचसे 'फुल' मध्ये. कारण स्क्रीन पूर्ण भरलेली छान दिसते. उभ्या धरलेल्या मोबाईलमध्ये खाली रथाची चाकं आणि वर भगवा, दोन्ही मावतात. त्याची ४×६ ची प्रिंट काढायला घेतली की उंचीचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. भगवा तरी जातो, नाहीतर चाकं तरी.

यात दुहेरी नुकसान आहे. १२ मेगापिक्सेलचा मोबाईल ४:३ वर ३०००×४००० चा उभा फोटो देतो. 'फुल' केल्यावर कॅमेरा दोन्ही बाजू कापून तो १८००×४००० चा करतो. मग लॅब त्यातून ४×६ साठी १८००×२७०० काढते. म्हणजे १२ मेगापिक्सेलमधून प्रिंटवर पोचले पाचाच्याही आत. तोच फोटो ४:३ वर काढला असता तर ४×६ साठी २६६७×४००० वापरता आला असता, साडेदहाच्या वर, आणि चाकं-भगवा दोन्ही शाबूत. ४×६ वर धारेतला फरक दिसायचा नाही, पण मंडळाला १२×१८ हवा असेल तर लगेच दिसतो.

म्हणून आत्ताच मोबाईलचा कॅमेरा उघडा, वरच्या पट्टीत किंवा सेटिंगमध्ये प्रमाण बघा. '९:१६', 'फुल' किंवा '१:१' असेल तर '३:४' करा. उभा मोबाईल धरून नाव दिलेलं असल्यामुळे ते ३:४ लिहितात, प्रमाण तेच. ज्या मोबाईलमध्ये ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा पर्याय वेगळा दिलेला असतो, तोही बहुधा ३:४ वरच चालतो. स्टेटसला पूर्ण स्क्रीनचा फोटो हवा असेल तर नंतर कापून घ्या. पूर्ण फोटोतून उभी पट्टी कधीही निघते, पट्टीतून पूर्ण फोटो निघत नाही.

लॅबमध्ये देताना

पेनड्राइव्हमध्ये सगळे फोटो एकत्र टाकून 'सगळ्यांच्या फोर बाय सिक्स काढा' असं सांगू नका. मापाप्रमाणे वेगळे फोल्डर करा आणि फोल्डरला मापाचंच नाव द्या. कॅमेऱ्याचे ४×६ मध्ये, मोबाईलचे ६×८ मध्ये. ६×८ चा कागद सगळीकडे नसतो, आधी विचारा. नसेल आणि मोबाईलचे फोटो ४×६ वरच घ्यायचे असतील तर आधी आपण कापून न्या. स्नॅपसीड या मोबाईल ॲपमध्ये क्रॉप उघडलं की ३:२, ४:३, ५:४, ७:५ हे सगळे पर्याय तयार असतात. ४×६ साठी ३:२, ८×१० साठी ५:४, ५×७ साठी ७:५. चौकट बोटानं सरकवून कुणाला ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. मशीन मधोमध कापतं, त्याला आत्या कोण आणि खांब कोण हे कळत नाही.

जिथे काहीच कापायचं नाही, तिथे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या: 'फिट, पांढरं राहिलं तरी चालेल.' आपल्याकडच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा बऱ्याचदा कन्नड बोलणारा असतो, मराठी त्याला कळतं, पण घाईत 'कापा' आणि 'कापू नका' यात गल्लत होते. 'कट माडबेडी' एवढं त्याच्या भाषेत सांगितलं की काम पक्कं. मोठी प्रिंट असेल तर छापण्याआधी स्क्रीनवर चौकट दाखवायला सांगा. मिनिटभराचं काम आहे आणि नाही म्हणणारा लॅबवाला मी अजून पाहिला नाही.

जिथे हे नियम बदलतात

बारशाला किंवा स्वागत समारंभाला जागच्या जागी प्रिंट काढून देतात, तिथे मी उलट सल्ला देईन. छोट्या डाय-सब (उष्णतेनं रंग कागदावर उतरवणाऱ्या) प्रिंटरमध्ये ६×८ चा रोल असेल, फक्त जेपेग काढायचं असेल आणि पाहुणे रांगेत उभे असतील, तर कॅमेरा सरळ ४:३ वर ठेवा. समोर दिसेल तेच कागदावर येईल, आणि तिथे एकेक फोटो कापत बसायला वेळ नसतो. रोल ४×६ चा असेल तर ३:२ वरच राहू द्या.

पासपोर्ट साईजचं ३५×४५ मिलिमीटर वेगळंच, ते कापावं लागतंच, फक्त डोक्यावर आणि खांद्यांपाशी मोकळी जागा ठेवून काढा. लग्नाच्या १२×३६ च्या अल्बमची चिंता नको, तिथे डिझाइनर प्रत्येक फोटो हातानं बसवतो. त्याला एवढंच सांगा की मधल्या घडीवर कुणाचा चेहरा नको.

फोटो आधीच कापलेला असेल तर

सगळ्यात अवघड काम म्हणजे गेलेल्या माणसाचा हार घालायचा फोटो. दहाव्या-बाराव्याच्या आत हवा असतो, घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि हातात असतो तो व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला, कुणीतरी डीपीसाठी चौकोनी कापलेला. डोक्याचा वरचा भाग चौकटीला टेकलेला, एक कान अर्धा. तो १२×१५ मध्ये बसवायचा म्हणजे आणखी कापायचा.

अशा वेळी आधी मूळ फोटो शोधा. तो कुणी काढला, कुठल्या कार्यक्रमात, त्याच्या मोबाईलमध्ये किंवा गूगल फोटोजमध्ये अजून आहे का? बऱ्याचदा पुण्यात किंवा गोव्यात असलेल्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये तो पूर्ण सापडतो, आणि त्यात फक्त चेहराच नाही, खांदे, उपरणं, मागची ओसरी सगळं असतं. तो पाठवताना फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. त्यातून १२×१५ काढला तर इंचाला शंभरच पिक्सेल उरतात आणि चेहरा मऊ, धुरकट दिसतो. ८×१० वर दीडशे, ते चालून जातं. म्हणून मूळ फोटो मिळालाच नाही तर मोठ्या फ्रेमचा हट्ट सोडा, ८×१० किंवा त्याहून लहान प्रिंट काढा आणि मोठ्या फ्रेममध्ये रुंद माउंट लावा.

डोक्यावर जागाच नसेल आणि मागे साधी भिंत किंवा एकरंगी पडदा असेल, तर फोटोशॉपमध्ये ती भिंत वर वाढवता येते. हे काम चांगला ऑपरेटर नीट करतो. पण कापलेला कान, अर्धा फेटा, तुटलेला हात असं काही संगणकाकडून नव्यानं भरून घेऊ नका. हल्लीची साधनं ते सहज भरून देतात, दिसायलाही ठीक दिसतं, पण तो कान त्या माणसाचा नसतो. घरच्यांना आज नाही तर महिन्यानं ते जाणवतं. त्यापेक्षा अर्धा कान तसाच राहू द्या आणि चौकट आणखी जवळ घेऊन नुसता चेहरा ठेवा, दोन्ही बाजूंनी सारखा कापलेला. ते मुद्दाम तसं घेतल्यासारखं दिसतं, आणि चेहरा त्यांचाच राहतो.